दोन वर्तुळं छेदणारच

सांगली

चि. अवनी,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. मिलरचा ईथर-वारा (प्रकाश वाहून नेणाऱ्या कल्पित माध्यमातून पृथ्वी जाताना जाणवेल असा मानलेला), कृष्णद्रव्य शोधणाऱ्या डामा प्रयोगाचा वार्षिक चढउतार, सूर्यमालेबाहेर निघालेल्या पायोनियर यानांचं जादा त्वरण, सगळं एकाच आकाश-नकाशावर ठिपके करून मांडलंस आणि ठिपके एका बाजूला गोळा होतात, म्हणजे अवकाशात एक खास दिशा आहे, म्हणतेस. माझी हरकत ठिपक्यांनाच आहे.

एखादा आकडा नाक्षत्र दिवसाच्या, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीच्या एका फेरीच्या, लयीत वरखाली होत असेल, तर त्याच्या शिखराच्या वेळेवरून फक्त विषुवांश (आकाशातला रेखांश) निघतो. क्रांती (आकाशातला अक्षांश) निघत नाही. चढउतार किती मोठा, हे मूळ परिणामाच्या जोरावर आणि क्रांतीच्या कोज्यावर एकदमच ठरतं. ते दोन सुटे करायचे तर उपकरणाची सरासरी पातळी किती सरकली ते ठाऊक हवं, आणि नेमकं तेच सहसा ठाऊक नसतं. वर्षाच्या लयीवरून मिळतो तोही नुसता क्रांतिवृत्तावरचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेवरचा, भोग; त्या वाटेपासूनचं अंतर, म्हणजे शर, नाही. म्हणून अशा प्रयोगाची नकाशावर एक अख्खी रेघ येते. ती दोन्ही टोकांनी धरलीस, म्हणजे 'दिशा' न म्हणता 'अक्ष' म्हटलंस, की तिचं पूर्ण बृहद्वृत्त (गोलाचे दोन समान भाग करणारं वर्तुळ) होतं, आणि गोलावरची कुठलीही दोन बृहद्वृत्तं छेदतातच. दोन प्रयोग जुळले याला म्हणूनच काही किंमत नाही. खरी परीक्षा तिसऱ्या रेघेपासून.

मिलरचंच बघ. माउंट विल्सनवर १९२५-२६ मध्ये वेगवेगळ्या ऋतूंत वाचनं घेऊन त्याने आधी उत्तरेकडचा बिंदू सांगितला. १९३३ च्या लेखात तो सोडून दक्षिणेकडचा घेतला: विषुवांश ४ तास ५४ मिनिटं, क्रांती उणे ७० अंश ३३ कला. आकडेवारी तीच राहिली, फक्त टोक बदललं, कारण प्रकाशाच्या दोन किरणांची तुलना करणाऱ्या अशा व्यतिकरणमापीत परिणाम वेगाच्या वर्गावर असतो आणि पुढे-मागे कळत नाही. १९५५ मध्ये शँकलंड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या वह्या पुन्हा तपासल्या, तेव्हा कारण म्हणून खोलीतल्या तापमानातले फरक पुढे आले. आता सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीची (महास्फोटानंतर उरलेलं, सगळ्या आकाशातून येणारं प्रारण) दिशा घे, जिच्याकडे आपण सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटरने चाललो आहोत: विषुवांश १६८ अंश, क्रांती उणे ७, सिंह आणि चषक यांच्या सीमेवर. मिलरच्या बिंदूपासूनचं अंतर मोजून पाहा, ८५ अंश येतं, जवळजवळ काटकोन. तुझ्या नकाशावर हे दोन्ही शेजारी कसे आले? प्रक्षेपण तपास. आयताकृती नकाशात ध्रुवाजवळचं सगळं ताणलं जातं आणि डोळा फसतो.

डामाचं शिखर २ जूनच्या आसपास येतं. आकाशगंगेतून फिरताना सूर्य हंस तारकासमूहाकडे चालला आहे आणि त्या सुमारास पृथ्वीचा वेग त्यात सर्वाधिक मिळतो, असा तर्क. पण पार्श्वभूमीच्या दिशेचा परिणाम असता, तर शिखर १३ डिसेंबरच्या आगेमागे यायला हवं होतं: त्या दिशेचा भोग १७१.६ अंश, त्यात ९० मिळव, सूर्य तिथे कधी असतो ते पंचांगात बघ. म्हणजे यांचं 'जुळणं' सहा महिन्यांनी हुकतं. शिवाय त्याच सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांवर कोरियात कोसाइन-१०० ने आणि स्पेनमध्ये अनाइसने मोजलं, त्यांना असा चढउतार दिसला नाही.

पायोनियर तर यादीतून काढूनच टाक. दोन यानं सूर्यमालेच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना निघाली होती आणि दोघांचंही जादा त्वरण सूर्याकडेच होतं. अवकाशातली एकच दिशा असती तर एकाला ते मागे खेचताना दिसलं असतं आणि दुसऱ्याला पुढे. २०१२ मध्ये यानाच्या स्वतःच्या उष्णतेच्या असमान उत्सर्जनाने हिशेब लागला.

राहिलेल्या खऱ्या ठिपक्यांसाठी: प्रत्येकाचा एकक सदिश (त्या दिशेचा एक लांबीचा बाण) कर, क्ष, य, झ वेगवेगळे मिळव, बेरजेची लांबी काढ. दहा यादृच्छिक दिशांची बेरीज पाचाच्या वर जाते ती सुमारे पाच टक्के वेळाच. मात्र यादी आधी गोठव. ३० अंशांच्या आत येणं ही पंधरात एक गोष्ट, दोन्ही टोकं चालवून घेतलीस तर साडेसातात एक. मग जुळतील तेच प्रयोग उचलायला कितीसा वेळ लागतो!

म्युऑन-गणकाचा (वैश्विक किरणांमुळे वरून पडणारे कण मोजून अशी लय शोधण्याचा) तुझा बेत मला आवडला. १०० चौ. सेंमीच्या आडव्या पट्टीवर मिनिटाला सुमारे १०० म्युऑन पडतात. ०.१ टक्क्याचा चढउतार तीन सिग्माने, म्हणजे निव्वळ योगायोगाच्या चढउताराच्या तिप्पट, दिसायला १ कोटी ८० लाख नोंदी लागतात, म्हणजे सव्वाशे दिवस, आणि तेव्हाही शिखराची वेळ सव्वा तासाने इकडेतिकडे राहील. तरी पूर्ण वर्षच घे. नाक्षत्र दिवस आपल्या दिवसापेक्षा ३ मिनिटं ५६ सेकंदांनी लहान, फरक महिन्याला दोन तास. वर्ष अर्धवट सोडलंस तर घड्याळी लय नाक्षत्र लयीत गळते. पूर्ण वर्षातही उन्हाळ्यातली दुपार आणि पावसाळ्यातली दुपार सारखी नसते, त्यामुळे वर्षाला ३६४.२४ आणि ३६६.२४ अशा दोन्ही फेऱ्यांवर खोटी लाट उमटते. ३६६.२४ ही नाक्षत्र. ३६४.२४ वर निसर्गात काहीच फिरत नाही, तेव्हा तिथे जेवढं दिसेल तेवढी नाक्षत्र आकड्यातही भेसळ आहे असं धर.

आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. दिवसाकाठी तीन-चार हेक्टोपास्कल. एका हेक्टोपास्कलला म्युऑन ०.१ ते ०.२ टक्के घटतात. तुझ्या शोधापेक्षा ही लाट मोठी, आणि बारा तासांची म्हणून दोन टोकांच्या, दिवसाला दोन शिखरं देणाऱ्या 'अक्षा'सारखीच दिसणारी. दाबाची नोंद गणकाशेजारीच कर. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मांडू नकोस. तापलं की गणकातल्या सिलिकॉन सेन्सरचा गेन (संकेत मोठा करण्याची क्षमता) घसरतो. शेतीपंपांची थ्री फेज आली की व्होल्टेज पडतं, म्हणून बॅटरीमागून पुरवठा दे आणि तो व्होल्टेजही लिहून ठेव. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदव. स्थानिक नाक्षत्र वेळ काढताना ग्रिनिचच्या नाक्षत्र वेळेत ४ तास ५८ मिनिटं मिळव, साडेपाच नव्हे. तो आकडा ८२.५ रेखांशाचा, सांगली ७४.६ वर आहे.

तक्त्यात एक रकाना वाढव: प्रयोगाने प्रत्यक्ष काय मोजलं, वेळ, तारीख की कोन. तो भरून झाला की पाठव.

तुझा,
बाबा