रविवारची बैठक : एलिया कोर्ती आणि ग्रॅनाइट

सभासदहो, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला नौपाड्यात नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : इटलीतून अमेरिकेत गेलेला शिल्पकार एलिया कोर्ती.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बॅरी गावी ग्रॅनाइटच्या खाणी. तिथे इटलीहून कितीतरी पाथरवट गेले, त्यांतलाच हा एक. गावातल्या रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरची उठावशिल्पं त्याची, १८९९ सालची. आपल्या काळ्या दगडावर ज्यांनी टाकी चालवली आहे, त्यांनी त्यांचे फोटो झूम करून बघाच. इतक्या कडक दगडात एवढी नाजूक रेघ! मी तर बराच वेळ बघत बसलो.

१९०३ मध्ये कामगार सभागृहात समाजवादी आणि अराजकवादी यांच्यात बाचाबाची झाली, गोळी सुटली आणि ती कोर्तीला लागली. वय अवघं ३४. होप स्मशानभूमीत घरच्यांनीच त्याचा पूर्णाकृती पुतळा एका अखंड दगडातून घडवला. बसलेला कोर्ती, कोटाची बटणं, आणि पायाशी त्याची हत्यारं : गुण्या, कॅलिपर, दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा.

याच हवेच्या हातोड्याने बारीक धूळ उडायची. बंद शेडमध्ये ती छातीत जाऊन सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाने तिथले कित्येक कारागीर अकाली गेले. म्हणून पुन्हा सांगतो : बैठकीनंतर दगडावर हात चालवणार आहोत, तेव्हा धुळीचा चांगला मास्क आणि चष्मा आणाच. रुमाल चालणार नाही. दगड पाणी मारूनच घासायचा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, म्हणजे दगड तेवढे मागवता येतील.