मेलबर्नहून बाबांना: एका मिनिटाच्या खेळाविषयी

मेलबर्न

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारले होते की, रात्रीची कामे आवरल्यावर मी रोज एवढे काय ऐकत असते. त्याचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चार-सहा विनोदी कलाकारांना एकत्र बसवायचे, त्यांच्यात एखादा खेळ लावून द्यायचा आणि त्या निमित्ताने रंगणाऱ्या गप्पा लोकांना ऐकवायच्या, अशी ब्रिटनमध्ये जुनी प्रथा आहे. अशा कार्यक्रमांना तिकडे पॅनल शो म्हणतात. ते मुळात तिथल्याच लोकांसाठी केलेले असल्यामुळे परक्या प्रेक्षकाला काही ठिकाणी अडखळायला होते. बीबीसीवर १९९० पासून चालू असलेला ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ पुरता कळायचा, तर त्या आठवड्यातले तिथले राजकारण ठाऊक असावे लागते. मात्र १९९३ मध्ये रॉय हॅटर्सली हे ज्येष्ठ खासदार आयत्या वेळी आले नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी चरबीचा डबा ठेवून सगळा खेळ खेळला गेला. ती गंमत समजायला कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज पडत नाही.

पण माझे खरे प्रेम आहे ते बीबीसी रेडिओवरच्या ‘जस्ट अ मिनिट’ या कार्यक्रमावर, आणि तो तुम्हांला माझ्याहूनही अधिक आवडेल अशी माझी खात्री आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या खेळाचा नियम एका वाक्यात सांगता येतो. दिलेल्या विषयावर साठ सेकंद बोलायचे. अडखळायचे नाही, एकदा वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही आणि विषय सोडायचा नाही. चौघांपैकी एक जण बोलत असताना उरलेले तिघे त्याची चूक पकडायला टपलेले असतात. चूक दिसली की घंटी वाजवायची. हरकत योग्य ठरली तर हरकत घेणाऱ्याला गुण मिळतो, शिवाय उरलेल्या सेकंदांपुरता विषयही त्याच्याकडे जातो. चुकीची ठरली तर बोलणाऱ्यालाच गुण मिळून त्याचे बोलणे पुढे चालू राहते. मिनिट संपल्याची शिट्टी वाजते तेव्हा जो बोलत असेल, त्यालाही एक गुण मिळतो. त्यामुळे काही जण शेवटची चार-पाच सेकंदे उरेपर्यंत दबा धरून बसतात आणि नेमकी तेव्हा घंटी वाजवतात.

हा खेळ ज्यांनी काढला, त्या इयन मेसिटर यांना शाळेत वर्गात लक्ष नसल्याबद्दल एका शिक्षकांनी शिक्षा केली होती: गेल्या मिनिटभरात मी जे सांगितले, ते न अडखळता आणि पुनरुक्ती न करता सांग. तुम्ही इतकी वर्षे मुलांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार केलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. महत्त्वाचा मुद्दा दोनदा सांगावा, वाक्यानंतर क्षणभर थांबावे, श्रोत्यांकडे पाहावे, असे तुम्ही आम्हांला शिकवलेत. हा खेळ वक्त्याची नेमकी हीच साधने काढून घेतो. मग त्याच्यापाशी शब्दसंग्रह आणि प्रसंगावधान एवढेच उरते, आणि त्या ओढाताणीत माणूस असे काही बोलून जातो, जे निवांत बसून त्याला कधीच सुचले नसते. या कार्यक्रमावर माझा जीव आहे तो यामुळेच. निकोलस पार्सन्स यांनी या खेळाचे सूत्रसंचालन पहिल्या भागापासून आपल्या आयुष्याच्या जवळजवळ अखेरपर्यंत केले. २०२० च्या जानेवारीत, वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले. कोण जिंकले, याची फारशी कोणाला फिकीर नसे, तरी प्रत्येक हरकतीचा निवाडा ते मन लावून करीत.

आणि बाबा, २०१२ मध्ये हा कार्यक्रम आपल्या मुंबईत ध्वनिमुद्रित झाला होता! तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असलेले पार्सन्स स्वतः आले होते, आणि पॉल मर्टन व मार्कस ब्रिगस्टॉक या ब्रिटिश विनोदवीरांसमोर आपले विनोदवीर सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल बसले होते. आपल्याकडच्या महाविद्यालयीन महोत्सवांत ‘जॅम’ नावाने जी स्पर्धा होते, ती याच खेळावरून आली आहे. दादाला विचारा, त्याला नक्की ठाऊक असेल.

आईला मात्र बीबीसीवरचाच ‘क्यूआय’ हा प्रश्नोत्तरांचा पॅनल शो अधिक आवडेल. त्यात सर्वांना वाटते ते चुकीचे उत्तर दिले की मोठा भोंगा वाजतो आणि गुण कापले जातात. काही वर्षांनी, नव्या संशोधनामुळे आपलीच जुनी उत्तरे खोटी ठरली आहेत हे लक्षात आल्यावर, त्यांनी अ‍ॅलन डेव्हिस या नेहमीच्या स्पर्धकाचे पूर्वी कापलेले गुण एका भागात परत दिले. उत्तरपत्रिका इतक्या उशिरा पुन्हा तपासणारे परीक्षक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

माझी एक विनंती आहे. यंदा गणपतीत मुलांसाठी हा खेळ मराठीत ठेवून पाहा आणि निवाडा तुम्हीच करा. इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचन वेगळे शब्द धरतात, बारीकसारीक अव्ययांकडे काणाडोळा करतात. आपल्याकडे ‘घर’ म्हटल्यावर पुढे ‘घरात’ म्हणू द्यायचे की नाही, हे तुम्हांला आधीच ठरवावे लागेल. तुमचा निर्णय मला कळवा, कारण इथल्या मंडळातल्या मुलांसाठीही मी तोच नियम लावणार आहे.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना सप्रेम आठवण आणि छोटीला गोड पापा.

तुमची लेक