दुपारी कॉम्प्युटर बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरला माझे छोटे डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डे, अर्ज, जे येईल ते. मागच्या वर्षी आखाजीनंतर, ऐन लग्नसराईत, लाइटची ये-जा चालू असताना माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली आणि संध्याकाळपर्यंत गप्प झाली. पत्रिका पुन्हा करता येतात. पण आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर कानबाईची, आखाजीची अहिराणी गाणी म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून आणायचे, तीही मी टाइप करत होते. पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत निघाली पोळ्याची! त्यानंतरची ८४ गाणी गेली. मूळ कागद ‘टाइप झाले’ म्हणून मीच परत केले होते, ते त्यांच्या घरी रद्दीत गेले. डिस्क नाशिकच्या एका दुकानात पाठवली, बारा दिवसांनी जशीच्या तशी परत आली. ‘मना गाना कोठे गयात माय?’ एवढेच मास्तर म्हणाले.

रोज संध्याकाळी कॉपी काढावी हे मलाही ठाऊक होते. पण त्या वेळी गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते आणि घरी कुकर लावायचा असतो. जगात ३१ मार्चला बॅकअप दिवस पाळतात म्हणे. आपल्याकडे त्या दिवशी कोणाला मान वर करायला फुरसत असते?

मग भाच्याने विंडोजमधलेच टास्क शेड्युलर, म्हणजे ठरवून दिलेले काम आपोआप सुरू करणारी सोय, लावून दिले. वेगळे काही विकत घ्यावे लागले नाही, दुसरी डिस्क तेवढी घेतली. दहा मिनिटे कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही की बदललेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर जाऊ लागतात, माउस हलवला की काम थांबते. खानदेशात उन्हाळ्यात दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसते. तेवढा वेळ त्याला पुरतो.

सुरुवातीला तीन दिवस मात्र कॉपी पुढे सरकेचना. कॉपी करणारी रोबोकॉपी नावाची आज्ञा एखादी फाइल उघडी असल्याने मिळाली नाही तर पुन्हा प्रयत्न करते, आणि आपण काही सांगितले नाही तर दहा लाख वेळा करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, जवळजवळ वर्ष होते. मी एक पत्रिका उघडी टाकून जेवायला जात होते, ती आज्ञा बिचारी तिथेच धरणे धरून बसायची. आता ‘दोनदा बघ, नाही तर पुढे जा’ असे लिहून ठेवले आहे. शिवाय कॉम्प्युटर आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद केली. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावून ठेवावा, कारण बॅटरीवर असताना हे काम सुरू न करण्याची खूण टास्क शेड्युलरमध्ये आधीपासूनच असते. दुसरी डिस्क सदा जोडलेली ठेवली तर २०१७च्या वॉनाक्रायसारखा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करू शकतो, म्हणून आणखी एक डिस्क दर रविवारी जोडते आणि कॉपी झाली की घरी नेते.

आमच्या बाजारातले बहुतेक दुकानदार दुपारी बिल वाचवायला कॉम्प्युटरचे बटण बंद करतात. तसे करू नका, ही विनंती. आणि कॉम्प्युटर विकणाऱ्यांना व क्लासवाल्यांना एक मागणी: मशीन बसवताना, कोर्स शिकवताना अर्धा तास यासाठी द्या. पत्रिकेला फुलांची बॉर्डर लावायला क्लासमध्ये आम्हाला चार दिवस शिकवले होते.

मास्तर आता रोज अकराला येतात, आठवेल ते गाणे म्हणतात, मी टाइप करते. ८४ पैकी ३१ झाली. मधली कडवी आठवत नाहीत तेव्हा ते चहा घेतात, डोळे मिटून बसतात, आणि दहा मिनिटे झाली की डिस्कचा दिवा लुकलुकायला लागतो.

आपली वाचक,
एक डीटीपीचालक, अमळनेर (जि. जळगाव)