अडतिसाव्या वर्षी लहान

डोंबिवली
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय मंजू,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग वाच. मी बरी. खोकला गेला, ॲसिडिटी आहेच. आईची शुगर गोळ्यांवर ठीक, तरी नवरात्राचे उपास हट्टाने चालू. झालं तब्येतीचं.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. म्हणजे अर्धी झाली. उरलेली येत्या रविवारी, कारण तीस तारखेच्या आत उरकायला हवी. विषय स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा. बिल्डिंग १९८८ची, तिशी ओलांडलेली, म्हणजे उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट. आमच्याकडे ते इतकी वर्षं गच्चीवर डांबर ओतून भागवलं जायचं. या वेळी रीतसर झालं. अहवाल मी केलेला नाही, घरच्या माणसाने करूही नये. पण तो समजावून सांगायचं माझ्यावर आलं, कारण कमिटीत सिव्हिलवाली मी एकटी.

मी अगदी सोपं करून सांगत होते गं. पार्किंगच्या कॉलमचे कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढले, त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारं रसायन मारलं. गुलाबी झालं तिथवर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. जिथे रंगच आला नाही तिथे कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, आत शिरलंय आणि आपल्या दोन कॉलमांत ते थेट सळईपर्यंत गेलंय. सळई गंजते, फुगते, बाहेरचं काँक्रीट उडवते. वरून प्लास्टर आणि रंग मारला की फक्त दिसायचं बंद होतं. इतकं बोलले आणि चेअरमनकाका मायेने म्हणाले, ‘‘बेटा, घाबरू नकोस. आम्ही ही बिल्डिंग उभी राहताना पाहिली आहे.’’ पाहिली आहे! मीही लोकल रोज पाहते, म्हणून काय मोटरमन झाले?

मग तळमजल्यावरच्या काकांनी मला बीम आणि कॉलममधला फरक समजावला. ‘‘आडवा तो बीम, बरं का बाळा.’’ मंजू, घैसास सरांच्या तासाला आपण जे हसू दाबायचो ना, तेच आलं. शेजारी सुम्या असती तर मला बाहेर काढावं लागलं असतं. वर सेक्रेटरी म्हणाले, तुझं अक्षर छान आहे, इतिवृत्त तूच लिही. म्हणजे त्यांनी मला बीम शिकवला, हे मीच वळणदार अक्षरात वहीत उतरवायचं. (आणि हो, होस्टेलचं जर्नल तुझ्यापेक्षा माझंच सुबक होतं. तू कधी मान्य केलं नाहीस. अजून वेळ गेलेली नाही.)

कोणी खेकसलं असतं तर मी दुप्पट आवाजात ऐकवलं असतं, साइटवर रोज तेच करते. पण ‘बाळा’ला काय उत्तर देणार? चिडलं की ‘बघा, रुसली’. गप्प बसलं की ‘पटलं तिला’. हेच सेक्रेटरी दरवर्षी सभेत एक गोष्ट सांगतात: बिल्डर पाण्याचं कनेक्शन देईना, तेव्हा आम्ही पोरांनी त्याच्या ऑफिसात ठाण मांडलं. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. तेव्हा त्यांना कोणी बाळ म्हटलं असेल तर त्यांनी त्याला तिथेच गाडला असेल. मी आज अडतीस.

आणि गंमत म्हणजे हीच मंडळी गुरुवारी मंदिरात हरिपाठाला बसतात. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाचं कोरं पत्र बघून मुक्ताई म्हणाली, एवढं जगून हा कोराच राहिला, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडते. चांगदेवाने त्या एवढ्याशा मुलीला गुरू केलं, इथे तर त्यांचे डोळे भरून येतात. सोसायटीच्या हॉलमध्ये आले की मात्र सगळे पुन्हा चांगदेव, पत्राच्या आधीचे.

पण एवढ्यासाठी मी तुला चार पानं लिहिली नसती. हे ऑफिसात कोणालाही सांगून हसता येतं. तुला लिहितेय ते बाबांसाठी.

बाबा पहिल्या रांगेत होते. सगळ्यांचं झाल्यावर मला वाटलं, आता उठतील, बोलतील. उठले. म्हणाले, ‘‘पोरीचं मनावर घेऊ नका. वाचून येते, उत्साह असतो.’’ सगळे हसले. बाबाही हसले.

तू त्या माणसाला ओळखतेस. मुलीने सिव्हिल घ्यायचं नाही म्हणून मामा अडून बसला होता, तेव्हा त्याच्याशी दोन वर्षं न बोललेला हाच माणूस. सांगलीला ट्रंक डोक्यावर घेऊन जिना चढणारा. तू त्यांना हमाल समजून पैसे विचारलेस! घरात आजही रिटर्न मी भरते, आईचे रिपोर्ट मी वाचते, बाथरूमच्या गळतीला मला विचारल्याशिवाय प्लंबर येत नाही. मग चार मित्रांत बसले की मी पोर कशी होते? त्यांना माझी लाज वाटली, की मी त्यांच्या मित्रांना चूक ठरवलं याची? की मित्रांनी मला आणखी काही बोलू नये म्हणून आपणच हलकं करून टाकलं? तिसरं खरं असावं असं मला फार वाटतं, म्हणूनच त्यावर भरवसा नाही.

वर घोळ असा की शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव त्यांचं, माझं दुसरं. पहिला हजर असला की मत त्याचं. म्हणजे रविवारी जॅकेटिंगचा, कॉलमांना बाहेरून नव्या काँक्रीटचं आवरण घालायचा, ठराव आला की हात बाबा वर करणार किंवा नाही करणार. विचारायचं तर घरात विषय निघत नाही. ते पेपर वाचतात, मी डबा भरते, मध्ये आई साबुदाण्याची खिचडी आणून ठेवते.

आता तूच सांग, विचारू का आधीच? तू असतीस तर सरळ त्यांच्यासमोर मांडी घालून बसली असतीस, ‘काका, हे काय केलंत’ म्हणून. तुझं ते ऐकतात. कधीपासून, ते मला माहीत आहे. त्या हमालीच्या प्रसंगापासून.

तुझ्या बदलीचं काय झालं? ईशानचा दात पडला का? सासूबाईंना माझा नमस्कार, लोणचं संपलं हेही सांग.

फोन करू नकोस, बाबा हॉलमध्येच असतात आणि माझा आवाज तुला माहीत आहे. शनिवारपर्यंत मिळेल असं लिही, स्पीड पोस्टने.

तुझी,
अनघा