पदकांच्या यादीशेजारी निकालाचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचे वार्षिक अहवाल मी गेली तीस वर्षे वाचत आलो आहे आणि महाविद्यालयाच्या पातळीवर ते लिहिलेही आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो : आंतरविद्यापीठ स्पर्धांत कोणत्या संघाने काय मिळवले, सुवर्ण किती, रौप्य किती, विद्यापीठाचा मानाचा ब्लेझर किती जणांना मिळाला. ही नोंद मोलाचीच आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने विजेत्या पंजाब विद्यापीठाइतकीच, म्हणजे १७ सुवर्णपदके जिंकली होती. रौप्यपदके कमी पडली म्हणून दुसरा क्रमांक आला. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले आहे. मात्र त्या मुलामुलींपैकी किती जण त्या वर्षी सर्व विषयांत उत्तीर्ण झाले आणि किती जणांच्या हाती वेळेत पदवी पडली, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

हा प्रश्न मला पडला तो आमच्याच एका भालाफेकपटू विद्यार्थिनीमुळे. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची तिची अंतिम फेरी आणि दोन विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनाची चाचणी एकाच दिवशी आली. परत आल्यावर तिने सहभागाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडले, परंतु गुण विद्यापीठाकडे पाठवून झाले आहेत, असे तिला सांगण्यात आले. निकालाच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, तेव्हा तिच्या अंगात विद्यापीठाचे बोधचिन्ह शिवलेला नवा ब्लेझर होता आणि हातातल्या गुणपत्रिकेवर दोन विषयांपुढे ‘गैरहजर’ असे छापलेले होते. त्या वर्षीच्या आमच्या अहवालात तिचे पदक ठळक अक्षरांत आले. ते दोन विषय कुठेच आले नाहीत.

क्रीडा सवलतीचे गुण आहेतच, असे यावर सांगितले जाते. ते निकालाच्या वेळी थोडा हात देतात, पण स्पर्धा आणि सराव शिबिरांत बुडालेली तासिका किंवा प्रात्यक्षिक त्यांनी भरून निघत नाही. सत्र पद्धतीत परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा हिवाळ्याच्या त्याच महिन्यांत येतात, त्यामुळे हा पेच दरवर्षी ठरलेला. शिवाय मौलाना आझाद करंडकासारखा मानाचा सन्मानही विद्यापीठाला खेळातील कामगिरीवरच मिळतो, तेव्हा अभ्यासाची नोंद ठेवण्याची निकड कोणाला वाटावी?

अमेरिकेत ही नोंद सक्तीची आहे. तिथे शिष्यवृत्तीवरील प्रत्येक खेळाडूमागे दर सत्राला दोन गुण मोजतात, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा आणि दुसरा विद्यापीठात टिकल्याचा. त्यावरून काढलेला संघाचा निर्देशांक चार वर्षांच्या सरासरीत १००० पैकी ९३० च्या खाली गेला, तर संघावर कारवाई होऊ शकते. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ चा राष्ट्रीय विजेता होता, तरीही या निर्देशांकामुळे त्याला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरू दिले गेले नाही. परत आल्यावर २०१४ मध्ये त्याच संघाने पुन्हा विजेतेपद पटकावले. अशी बंदी आपल्याकडे यावी असे मी म्हणणार नाही, कारण आधीच्या मुलांच्या निकालाची शिक्षा तिथे नंतरच्या मुलांनी भोगली. मोजदाद मात्र घेण्यासारखी आहे.

म्हणून राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या वार्षिक अहवालात नावे न देता, खेळवार, त्या वर्षी खेळलेले विद्यार्थी, सर्व विषयांत उत्तीर्ण झालेले आणि पदवी पूर्ण केलेले, हे तीन आकडे छापावेत. त्याचबरोबर स्पर्धेमुळे हुकलेल्या अंतर्गत चाचणीसाठी पर्यायी तारीख देण्याचे काम विद्यार्थ्यावर न टाकता क्रीडा संचालक आणि परीक्षा विभाग यांनी आपसांत करावे; संघ रवाना होतो त्याच दिवशी खेळाडूंची यादी परीक्षा विभागाकडे गेली, तरी बरेच काम होईल.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पोलीस उपनिरीक्षकासारख्या पदाला पदवी लागते. आमच्या त्या विद्यार्थिनीने हाच अर्ज भरायचे ठरवले होते. तिचे ते दोन विषय पुढच्या वर्षी सुटले आणि त्या वर्षीची अर्जाची मुदत तोवर टळून गेली होती.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, पुणे