भांडी बाजारातल्या काकांना, झिजलेल्या नाण्यांबद्दल

नाशिक

काका,
सादर नमस्कार.

नाव घालायचं नाही ही तुमची अट मान्य. पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही पोऱ्याला चहा सांगता आणि विषय बदलता.

तुमच्याकडे मोड येते ती पोत्यांनी. कुणाचा बंब, कुणाचं घंगाळ, तळ गेलेले हंडे, कान तुटलेल्या कढया. वाडा पाडला, फ्लॅटमध्ये जागा नाही, मुलगा पुण्याला असतो, अशी कारणंही त्यांच्याबरोबर येतात. आणि एखाद्या गडव्याच्या तळाशी मूठभर नाणी असतात. काट्याला तांबं ते तांबंच. किलोचा भाव लावून आटणीला धाडलं असतंत तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. तुम्ही मात्र ती वेचून पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवता. ठसठशीत नाणी उचलायला संग्राहक येतातच. त्यांनी नाकारलेली, "यात काही दिसत नाही हो" म्हणून परत ठेवलेली नाणी तुम्ही माझ्यासाठी राखता आणि मोडीच्याच भावानं देता. चार पैसे जास्त देऊ केले तर रागावता.

तुमच्या दुकानात यायच्या आधी माझ्याकडे होते ते टाकसाळीचे संच. प्लास्टिकच्या कप्प्यात बसवलेली, हात न लागलेली नाणी. सुरेख असतात, नाही कशाला म्हणू. ठसा कोरणाऱ्याचं कसब बघायचं तर तीच बघावीत. पण यंत्रातून निघून थेट डबीत बसलेल्या त्या नाण्यानं आयुष्यात एक भेळसुद्धा विकत घेतलेली नसते. शिवाय ते हातात घेता येत नाही. बोटाचा घाम लागला की डाग. मला नाणं हातात हवं असतं, हे तुम्ही माझ्या आधी ओळखलंत.

शिवराई वाचायला तुम्ही शिकवलंत. 1674च्या राज्याभिषेकापासूनचं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे टाकसाळीतून त्या दिवशी बाहेर पडलेली शिवराईसुद्धा अर्धवटच असायची. कुणाची ‘श्री’ कडेबाहेर, कुणाचा ‘ति’ गायब. जे नाणं मुळात कधी पूर्ण नव्हतंच, त्यात ‘एकदम कोरं’ शोधत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते. मजकूरही कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. महाराजांनंतर पेशवाईतही तोच मजकूर पाडला जात राहिला, आणि 1818 नंतर इंग्रजांचा अंमल आल्यावरही बाजारात शिवराई बराच काळ चालली. म्हणून दिसेल ती शिवराई ‘महाराजांच्या हातची’ म्हणून खपवणाऱ्यांवर तुम्ही जे तोंडसुख घेता, ते मला अगदी पटतं.

त्या डब्यातली पहिली शिवराई मी ट्यूबलाइटखाली धरली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, तिथे नाही, उंबऱ्यात या." बाहेरचा तिरपा उजेड, नाणं हळूहळू फिरवायचं, आणि एका कोनात येताच काळपट तांब्यावर दोन उभ्या रेघा सावलीसारख्या वर आल्या. ‘राजा’चे दोन काने. बाकी सगळं सपाट. मग तुम्ही डोळे मिटून अंगठा फिरवायला लावलात, आणि डोळ्यांना न दिसलेला ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा अंगठ्याला लागला. ती शिवराई आजही माझ्याकडे आहे आणि तिचा भाव मला कुणी विचारू नये.

झीज आणि झीज यांत फरक असतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. हाताहातांतून गेलेलं नाणं उंच जागी आधी झिजतं आणि कडा गोल होते. पाण्यातलं किंवा मातीतलं नाणं कुठेही खाल्लं जातं, त्याला खड्डे पडतात. रामकुंडात पोरं लोहचुंबक दोरीला बांधून टाकतात, त्याला अलीकडची पोलादी नाणी चिकटतात. तांबं चिकटत नाही, ते गाळातच राहतं आणि कधीतरी गाळ चाळणाऱ्याच्या घमेल्यातून तुमच्यापर्यंत येतं. त्यावर तुमचं ठरलेलं वाक्य: "याला गोदावरीनं खाल्लं, माणसानं नाही."

देवघरातली राणीछाप वेगळीच. 1862चा एक रुपया तुम्ही दाखवलात. वरची बाजू, म्हणजे राणीचा चेहरा, दर दिवाळीला चिंचेनं घासून नाक-डोळ्यांसकट गेलेला. मागची बाजू, ताम्हनात खाली राहिलेली, अजून धारदार. मुकुटाच्या खाचेत कुंकू इतकं घट्ट बसलंय की ते आता नाण्याचाच भाग झालंय. आणि उलटा प्रकार गळ्यातल्या माळेतल्या नाण्याचा. पुढची बाजू जशीच्या तशी, आणि अंगाला लागणारी मागची बाजू गुळगुळीत, वर कडी डाखलेली तोडल्याची खूण. दुकानदार असलं नाणं ‘मेलेलं’ म्हणतात. तुम्ही विचारलंत, "मेलेलं कसं? कुणीतरी रोज घालत होतं ना?"

चांदवडी रुपयाचंही तसंच. होळकरांच्या मुलखात, इथून जवळच चांदवडला पाडलेला, नाव मात्र दिल्लीच्या मुघल बादशहा शाह आलमचं. त्यावर सराफांनी चांदी पारखताना मारलेले बारीक ठसे, कुठे चंद्रकोर, कुठे फूल. ते असले की संग्राहक भाव पाडतात. मला तर तेच आधी दिसतात. रुपया पाडणाऱ्याचं नाव पुस्तकात सापडतं. तो खरा की खोटा म्हणून दुकानात बसून वाजवून बघणाऱ्याची खूण फक्त नाण्यावरच सापडते.

1911च्या रुपयाची गोष्ट सांगताना तुम्ही नेहमी हसता. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912पासून सरकारला हत्ती सुधारावा लागला. तुमच्या डब्यात आलेल्या 1911च्या रुपयावर छाती इतकी झिजलीय की हत्तीही नाही आणि डुकरही नाही. सरकारनं नवा ठसा करून मिटवलेलं भांडण बाजारानं नुसतं वापरून मिटवलं होतं!

हे सगळं आपल्या नाशिकला नवीन नाही. जोगळटेंभीला 1906मध्ये क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा, त्यावर जिंकलेल्याचं डोंगराचं चिन्ह, आणि तेच नाणं पुन्हा बाजारात. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं आणि एक हजार पाऊण टक्क्यानं. पैसा फिरत ठेवायचा असतो, याचा एवढा चोख हिशोब आपल्या डोंगरात कोरलेला असताना आपण न फिरलेल्या नाण्याला जास्त मान देतो, हे मला विचित्र वाटतं.

परदेशात नाण्याची अवस्था 1 ते 70 अशा आकड्यांत मोजतात. 70 म्हणजे निर्दोष. पण तिथेही काही जण हट्टानं 1 नंबरची नाणी गोळा करतात. अट अशी की ते कुठलं नाणं आहे एवढं ओळखता आलं पाहिजे. त्याहून झिजलं तर बाद. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डबा पुढे सरकवून म्हणालात, "मग हे सगळे पहिल्या नंबरात पास."

शाळेसाठीचे आभार वेगळे मानायला हवेत. तुम्ही दिलेली नाणी मी वर्गात नेते आणि पोरांच्या हातात देते. भोकाचा पैसा बोटात अंगठीसारखा घालून बघतात, अॅल्युमिनियमचा तीन पैसे फुंकरीनं उडवतात, आणे-पैशांचा हिशोब 1957 साली बदलला हे मग फळ्यावर लिहावं लागत नाही. 2011पासून चार आणे चालत नाहीत हे ऐकून एकीनं विचारलं, "मग लोक चार आण्याची अक्कल का काढतात?" संचातली चकचकीत नाणी मी कधी वर्गात नेली नसती.

आणखी दोन गोष्टी तुम्ही करता त्या लोकांना ठाऊक नाहीत, म्हणून इथे लिहिते. तुमच्या दुकानात चिंचेच्या पाण्याची बादली कायम भरलेली असते, भांडी लखलखीत होतात, पण एकही नाणं तुम्ही त्यात बुडवलेलं मी पाहिलं नाही. नाणं घासून आणून देणाऱ्याला तुम्ही भावच सांगत नाही. आणि नांगराला घबाड लागलं म्हणून कुणी मातीनं भरलेलं गाडगं घेऊन आलं तर तुम्ही काटा काढतच नाही. 1878चा गुप्तधनाचा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आधी तहसीलला जा म्हणून वाटेला लावता. गिऱ्हाईक समोर असताना हे बोलायला किती जीवावर येत असेल!

आता एक काम. मागच्या वेळी चंद्रकोरीचा ठसा असलेला चांदवडी रुपया तुम्ही काचेखाली बघायला ठेवून घेतला होता. तसाच ठसा दुसऱ्या एका रुपयावर आहे आणि तो कुठल्या पेढीचा हे विचारून सांगतो, असं म्हणाला होतात. परीक्षा संपल्या की मी दुपारी येईन. तोवर ते दोन्ही रुपये कुणाला देऊ नका. आणि यावेळी चहा मी सांगणार.

तुमची,
एक शाळामास्तरीण