चॅलेंजरचे अवशेष पुरायला नको होते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतरच्या ७३व्या सेकंदाला येऊन थांबते. क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिकेसह सात जण गेले आणि उजव्या बूस्टरच्या (यानाला वर ढकलणाऱ्या जोड-अग्निबाणाच्या) सांध्यातील ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू न देणारी रबरी कडी, थंडीने निकामी झाली, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतर अटलांटिक महासागराच्या तळाशी कित्येक महिने चाललेल्या शोधकार्याचा मात्र उल्लेखही नसतो.

फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ जहाजे, सोनार, पाणबुडे आणि छोट्या पाणबुड्या यांच्या साहाय्याने हा शोध घेतला गेला. अंतराळवीरांचा कक्ष मार्चमध्ये सुमारे ३० मीटर खोलीवर सापडला, तर त्याहून खोल पाण्यात, गल्फ स्ट्रीमच्या जोरदार प्रवाहात पडलेले बूस्टरचे तुकडे मिळवणे फार अवघड गेले. एप्रिलमध्ये उजव्या बूस्टरचा जळून भोक पडलेला तुकडा हाती आला, आणि उड्डाणाच्या क्षणी सांध्यातून निघालेल्या काळ्या धुराच्या चित्रणावरून जो तर्क बांधला होता, त्याला धातूचा पुरावा मिळाला. माझ्या मते या दुर्घटनेच्या तपासातील हे सर्वांत मोलाचे काम होय.

परंतु त्या पुराव्याचे पुढे काय झाले? १९८७च्या आरंभी यानाचे अवशेष केप कॅनव्हरल येथील दोन निकामी क्षेपणास्त्र-विवरांत ठेवून ती बंद करण्यात आली. कुटुंबीयांच्या दुःखाचा मान राखायलाच हवा होता, यात शंका नाही. तथापि बूस्टरचा जळका पत्रा अभियंत्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या नजरेआड करण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

सांधा नव्याने घडवला गेला, त्यात तिसरी ओ-रिंग आणि ऊब देणारी यंत्रणा बसवली गेली, आणि २९ सप्टेंबर १९८८ रोजी डिस्कव्हरी यान झेपावले. यंत्र सुधारले, पण निर्णयाची रीत तशीच राहिली. उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण नको, असे बजावले होते आणि व्यवस्थापनाने ते डावलले होते. आधीच्या उड्डाणांत ओ-रिंग झिजूनही यान सुखरूप परतले, म्हणून ती झीज चालवून घेतली गेली. पुढे इंधनटाकीवरून सुटणाऱ्या फोमच्या आघातांबाबतही अगदी तसेच घडले, आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह कोलंबियाचे सात अंतराळवीर आपण गमावले. दोन्ही दुर्घटनांच्या चौकशी मंडळांवर असलेल्या अमेरिकी अंतराळवीर सॅली राइड यांना त्यात चॅलेंजरचाच प्रतिध्वनी ऐकू आला.

कोलंबियाचे अवशेष मात्र केनेडी अंतराळ केंद्रातच जपले गेले आणि ते अभ्यासकांना संशोधनासाठी दिले जातात. चॅलेंजरचा एक भाग लोकांसमोर मांडला जायला २०१५ साल उजाडले, म्हणजे जवळजवळ तीन दशके गेली.

गगनयानातून आपली माणसे अवकाशात जाणार आहेत. त्याआधीच, आजच्या मानवरहित प्रक्षेपणांतील प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल, अभियंत्यांच्या मतभेदांच्या नोंदींसह, जनतेसमोर ठेवण्याचा नियम इस्रोने करावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे